परफॉर्मन्स मॉनिटरिंगमधली बेभरवशाची टेस्ट काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परफॉर्मन्स टेस्ट, म्हणजे प्रॉडक्टचा वेग मोजणाऱ्या टेस्ट, सांभाळणाऱ्यांसाठी हे पान आहे. डॅशबोर्डवर एखादा आलेख रोज उड्या मारतो, त्याचे अलर्ट येत राहतात आणि आता त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, अशी टेस्ट बहुतेक टीमकडे असतेच. ती काढणं म्हणजे दोन ओळी खोडणं, असं वाटतं. प्रत्यक्षात टेस्टची फाइल हा त्या कामाचा सगळ्यात छोटा भाग असतो.

बेभरवशाची टेस्ट म्हणजे नेमकी कोणती?

जिचा आकडा हलला तरी कोडमध्ये काही बिघडलं की नाही हे सांगता येत नाही, ती. नुसतं हलणं हा दोष नाही. वेळ मोजणारी कुठलीही टेस्ट प्रत्येक रनला थोडा वेगळा आकडा देणारच. ही हालचाल तुम्हाला पकडायच्या असलेल्या बदलापेक्षा मोठी आहे का, एवढंच पाहायचं. आकडा एरवी ३ टक्क्यांनी हलत असेल आणि तुम्हाला वेगातली २० टक्क्यांची घसरण पकडायची असेल, तर टेस्ट झकास आहे. तिच्याकडूनच १ टक्क्याची घसरण पकडण्याची अपेक्षा केली की ती कुचकामी ठरते.

गणित करायचं नसेल तर माणसांकडे बघा. अलर्ट आल्यावर टीममधून पहिली प्रतिक्रिया "कोणत्या कमिटमुळे?" (म्हणजे कोडमधल्या कोणत्या बदलामुळे) अशी येते की "पुन्हा रन करून बघ" अशी? दुसरी येत असेल तर टेस्टवरचा भरवसा उडालेलाच आहे. कागदावर तेवढं यायचं बाकी आहे.

फंक्शनल टेस्ट फ्लेकी असते, तसंच हे आहे ना?

नाही. फंक्शनल टेस्ट काम बरोबर होतं का एवढंच तपासते; ती पास होते किंवा फेल होते. एकदा पास, एकदा फेल झाली की ती फ्लेकी आहे हे लगेच दिसतं, आणि पुन्हा चालवून पास झाली की निदान बिल्ड (कोडपासून बनवलेली आवृत्ती) तरी पुढे सरकतो. परफॉर्मन्स टेस्ट मात्र दर वेळी एक आकडा देते, आणि तो आकडा नेहमीच खरा वाटतो. ४१२ मिलिसेकंद हा आकडा चुकीचा आहे असं त्याच्याकडे पाहून कळत नाही. त्यामुळे अशा टेस्ट वर्षानुवर्षं टिकतात. त्या लाल होत नाहीत, फक्त सगळ्यांना थोडं थोडं फसवत राहतात.

आणखी एक धोका आहे. पुन्हा रन केल्यावर हवा तो आकडा आला की लोक तिथेच थांबतात. नको तो आला तरच आणखी एकदा रन होतो. या सवयीमुळे खऱ्या घसरणीही सुटतात, आणि त्याबद्दल कुणाला जाबही विचारता येत नाही, कारण प्रत्येक वेळी "टेस्टच तशी आहे" हे उत्तर तयार असतं.

दोष टेस्टचा, मशीनचा की आपल्या प्रॉडक्टचा, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. निदान न करता टेस्ट काढली तर रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी गत होते. टेस्ट जाते, गोंधळ राहतो आणि पुढच्या महिन्यात शेजारची टेस्ट उड्या मारू लागते.

पहिलं काम म्हणजे एकाच बिल्डची त्याच बिल्डशी तुलना. कोड तोच, कॉन्फिगरेशन तेच, फक्त रन दोन गटांत वाटलेले. दोन्ही गटांत काहीच फरक नाही हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे, त्यामुळे टूलने "घसरण" किंवा "सुधारणा" दाखवली तर ते निव्वळ खोटं. असे काही जोड चालवून खोटे निकाल किती वेळा येतात ते मोजा. पुढच्या चर्चेत हा एक आकडा दहा मतांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मग आकड्यांचा आकार बघा. सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) पाहून थांबू नका, एकेक बिंदू मांडा. ठिपके एकाच ढगात विखुरलेले असतील तर तो साधा गोंगाट, म्हणजे योगायोगाची हालचाल. दोन वेगळे पट्टे दिसले, म्हणजे काही रन ३०० मिलिसेकंदांच्या आसपास आणि काही ४२० च्या, मध्ये जवळजवळ कुणी नाही, तर तिथे काहीतरी दोन अवस्थांत आहे. कॅशे (डेटाचा तात्पुरता साठा) भरलेला किंवा रिकामा, गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी मोकळी करणं) मोजमापाच्या आत पडलं किंवा बाहेर, एकाच वेळी चालणाऱ्या दोन थ्रेडपैकी शर्यत कुणी जिंकली. दोन पट्ट्यांच्या टेस्टची सरासरी काढली तर ३६० येते, आणि ३६० मिलिसेकंदांत ते पान कधीच उघडलेलं नसतं.

ही दुसरी अवस्था प्रॉडक्टमध्येच असेल, तर थांबा. वापरणाऱ्यांनाही कधी ३०० आणि कधी ४२० मिलिसेकंद मिळत असणार. अशी टेस्ट बेभरवशाची नाही, ती तुमच्या प्रॉडक्टच्या बेभरवशाची साक्षीदार आहे. ती काढू नका. दोन अवस्था वेगळ्या मोजणाऱ्या दोन टेस्ट करा, किंवा आधी कारण शोधा.

मशीनकडे बोट दाखवणाऱ्या खुणा वेगळ्या असतात. एकाच वेळी अनेक, एकमेकांशी संबंध नसलेल्या टेस्ट हलल्या तर संशय मशीनवर घ्या. दिवसाच्या ठरावीक वेळी आकडे वाढत असतील तर त्याच यंत्रावर दुसरं कुणाचं तरी काम चालू असतं. व्हर्च्युअल मशीनवर हे नेहमीचं आहे. पहिले काही रन वेगवान आणि पुढचे हळू असतील तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतोय का ते बघा. टर्बो (प्रोसेसरचा वेग तात्पुरता वाढवणारी सोय) बंद करून आणि प्रोसेसरची फ्रीक्वेन्सी एका जागी बांधून तीच टेस्ट चालवली की बऱ्याचदा बराचसा गोंगाट तिथेच निवळतो.

कोडमध्ये काहीच बदललं नसताना आकडा कायमचा सरकला. हे शक्य आहे?

अगदी शक्य आहे, आणि यावर गाजलेलं संशोधनही आहे. २००९ च्या एएसप्लॉस या संगणक-संशोधन परिषदेत मायटकोविच, दिवाण, हाउसविर्थ आणि स्वीनी यांनी दाखवून दिलं की युनिक्सच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलचा (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगचा) एकूण आकार बदलला किंवा ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेले कोडचे तुकडे) लिंक करण्याचा, म्हणजे एकत्र जोडण्याचा, क्रम बदलला, तरी प्रोग्रामचा वेग बदलतो. एवढा, की एखादं ऑप्टिमायझेशन फायद्याचं की तोट्याचं याचा निष्कर्षच उलटू शकतो. मेमरीत कोड आणि स्टॅक (चालू फंक्शनांचा डेटा) कुठे बसले यावर हे ठरतं.

याचा अर्थ असा की टेस्ट चालवणाऱ्या खात्याचं नाव (तेही एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये असतं) लांब झालं तरी आलेखाला पायरी पडू शकते. गमतीचं वाटेल, पण ज्याला त्या पायरीचं कारण शोधायला बसवलं जातं त्याला गंमत वाटत नाही. छोट्या, मायक्रोसेकंदांत मोजल्या जाणाऱ्या टेस्टना हा त्रास सर्वाधिक होतो.

त्याखेरीज घड्याळाचा प्रश्न असतो. स्पेक्टर ही प्रोसेसरमधली सुरक्षा त्रुटी २०१८ मध्ये जाहीर झाल्यावर ब्राउझरांनी जावास्क्रिप्टला मिळणाऱ्या टायमरची अचूकता मुद्दाम कमी केली. ब्राउझरच्या आत अतिशय छोटे काळ मोजणाऱ्या टेस्टचे आकडे त्यामुळे बदलले, आणि त्यात टेस्ट लिहिणाऱ्याचा काही दोष नव्हता.

टेस्ट काढण्यापेक्षा रनची संख्या वाढवली तर?

आधी किंमत काढा. संख्याशास्त्रात यासाठी एक ढोबळ सूत्र आहे: प्रत्येक बाजूला (जुना बिल्ड आणि नवा बिल्ड) लागणारे रन काढायला गोंगाटाला, म्हणजे प्रमाण विचलनाला, पकडायच्या बदलाने भागा, त्याचा वर्ग करा आणि १६ ने गुणा. ५ टक्के सिग्निफिकन्स पातळी (नसलेला बदल दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के वेळा बदल सापडण्याची खात्री धरून हे सूत्र येतं.

प्रमाण विचलन ५ टक्के असेल आणि ५ टक्क्यांचा बदल पकडायचा असेल तर प्रत्येक बाजूला १६ रन. जमण्यासारखं. २ टक्क्यांचा बदल हवा असेल तर १००. १ टक्क्याचा हवा असेल तर ४००, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ८००. एक रन तीन मिनिटांचा धरला तर हे चाळीस तासांचं काम झालं, एका तुलनेसाठी. इथे टेस्ट ठेवायची की नाही हा तात्त्विक प्रश्न उरत नाही.

उलट, थोड्या रननी भागत असेल तर जरूर वाढवा. गुगलच्या लाइटहाउस या वेबपानं तपासणाऱ्या टूलच्या कागदपत्रांत एका रनऐवजी पाच रनचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) घेतला तर स्कोअर दुप्पट स्थिर होतो असं म्हटलं आहे, आणि पाच रन बहुतेकांना परवडतात.

एक अट मात्र आहे. हे सूत्र प्रत्येक रन दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असं गृहीत धरतं. एकाच मशीनवर, एकाच बूटमध्ये, एकाच प्रोसेसमध्ये सलग पन्नास रन घेतले तर ते पन्नास नाहीत. मेमरीतली जागा एकदाच ठरली आणि पन्नास वेळा मोजली गेली, एवढंच झालं. जावासाठीचं जेएमएच हे बेंचमार्क टूल रन वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये फोर्क करून, म्हणजे नवी प्रोसेस सुरू करून, घेतं, ते यासाठीही.

मग थ्रेशोल्ड सैल करूया का?

करा, पण डोळे उघडे ठेवून. अलर्टची मर्यादा ५ वरून २५ टक्क्यांवर नेली की अलर्ट थांबतात हे खरं. पण मग ती टेस्ट २० टक्क्यांच्या घसरणीवर गप्प बसणार, आणि डॅशबोर्डवर तिची हिरवी खूण पाहून सगळे निर्धास्त राहणार. २५ टक्क्यांची घसरण इतर टेस्टनी आधीच पकडलेली असते. तेव्हा या टेस्टचा उपयोग काय, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर थ्रेशोल्ड वाढवणं म्हणजे टेस्ट काढणंच आहे, फक्त मशीनचा वेळ खर्च करून.

एका टेस्टच्या खोट्या अलर्टने असं काय बिघडतं?

एकीच्याने नाही बिघडत. बेरीज बिघडवते. समजा ३०० मालिका (डॅशबोर्डवर आकड्यांची एकेक रेघ) आहेत आणि दिवसाला २० बिल्ड. म्हणजे रोज ६,००० तुलना. अलर्टची मर्यादा तीन प्रमाण विचलनांवर ठेवली आणि सगळे आकडे अगदी पुस्तकी, घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वितरणाप्रमाणे वागले, तरी ०.२७ टक्के तुलना निव्वळ योगायोगाने मर्यादेबाहेर जातात. रोजचे साधारण १६ खोटे अलर्ट. आणि वेळेचे आकडे नॉर्मल नसतातच. उजवीकडे लांब शेपूट असते, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच येतात. ही अवस्था सगळ्या टेस्ट शहाण्या असताना. त्यात एक लहरी टेस्ट टाकली की रोज सकाळी अलर्ट चाळणाऱ्या माणसाचं लक्ष संपतं, आणि सतराव्या क्रमांकावरचा खरा अलर्ट त्याच झटक्यात बंद केला जातो.

आकडे अगदी स्थिर आहेत, तरीही टेस्ट बेभरवशाची असू शकते का?

हो, आणि माझ्या मते हीच जात जास्त घातक. हलणाऱ्या टेस्टवर निदान संशय तरी घेतला जातो.

लोड टेस्टमधलं (सर्व्हरवर भरपूर विनंत्या सोडून पाहणारी टेस्ट) एक उदाहरण पाहा. टूलने सेकंदाला १०० विनंत्या पाठवायच्या आहेत, पण ते आधीच्या विनंतीचं उत्तर आल्याशिवाय पुढची पाठवत नाही. सर्व्हर १० सेकंद अडकला. खऱ्या जगात त्या काळात १,००० विनंत्या येऊन ताटकळल्या असत्या. टूलच्या नोंदीत मात्र १० सेकंदांची एकच विनंती दिसते, बाकीच्या पाठवल्याच गेल्या नाहीत. नव्व्याण्णवावा शतमक (ज्या वेळेच्या आत ९९ टक्के विनंत्यांना उत्तर मिळतं तो आकडा) सुरेख दिसतो, रोज सुरेख दिसतो. अभियंते गिल तेने यांनी याला कोऑर्डिनेटेड ओमिशन हे नाव दिलं, आणि जुन्या लोड टेस्ट तपासल्या तर हा प्रकार आजही सापडतो.

दुसरा प्रकार: ज्याचं उत्तर पुढे कुठेच वापरलेलं नाही असं काम कंपायलर काढून टाकतो, आणि टेस्ट रिकाम्या लूपचा वेळ मोजत बसते. संशयास्पदरीत्या वेगवान आणि संशयास्पदरीत्या स्थिर आकडे दिसले की आधी हे तपासा.

तिसरा प्रकार म्हणजे टेस्ट खरं मोजते, पण आता ज्याला अर्थ उरलेला नाही असं काहीतरी. गुगलच्या व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनाच्या टीमने २०१२ मध्ये आणलेला ऑक्टेन हा जावास्क्रिप्ट बेंचमार्क २०१७ मध्ये त्यांनीच निवृत्त केला. आकडे लहरी नव्हते. पण सगळी इंजिनं त्या बेंचमार्कसाठी इतकी घासूनपुसून तयार झाली होती की त्यातला स्कोअर वाढल्याने खऱ्या वेबसाइट वेगवान होत नव्हत्या, काही ऑप्टिमायझेशन तर त्यांना मारकच ठरत होती. स्वतःचंच माप स्वतः मोडीत काढायला धैर्य लागतं.

नावाजलेल्या टूलमधून अशी टेस्ट काढल्याची आणखी उदाहरणं आहेत का?

लाइटहाउसमध्ये दोन चांगली आहेत, आणि दोन्हींची पद्धत शिकण्यासारखी आहे.

फर्स्ट मीनिंगफुल पेंट हे मोजमाप "पानावरचा महत्त्वाचा मजकूर कधी दिसला" याचं उत्तर देऊ पाहायचं. पान लोड होण्यातल्या किरकोळ फरकानेही त्याचा आकडा एका पट्ट्यातून दुसऱ्यात उडी मारायचा. शिवाय त्याची व्याख्या ब्राउझरच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून होती, त्यामुळे ते सगळ्या ब्राउझरांत एकसारखं आणणं शक्य नव्हतं. २०२० मध्ये लाइटहाउस ६ ने ते स्कोअरमधून काढलं आणि तोच प्रश्न अधिक सरळ पद्धतीने विचारणारं लार्जेस्ट कंटेंटफुल पेंट आणलं.

टाइम टू इंटरअ‍ॅक्टिव्हची कथा जरा वेगळी. पान वापरायला तयार कधी झालं हे ठरवण्यासाठी ते पाच सेकंदांची शांत खिडकी शोधायचं: त्या काळात ५० मिलिसेकंदांहून लांब टास्क नको, आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त नेटवर्क विनंत्या चालू नकोत. नियम वाचायला चांगला आहे. पण चौथ्या सेकंदाला एखादी फालतू तिसरी विनंती किंवा एकच लांब टास्क आला की खिडकी मोडते आणि आकडा कित्येक सेकंद पुढे ढकलला जातो. "इतका वेळ शांत राहा" अशी अट असलेल्या प्रत्येक टेस्टला हा आजार असतो, तुमच्या घरच्या टेस्टमध्येही तो शोधा. लाइटहाउस १० ने, २०२३ मध्ये, हे मोजमाप स्कोअरमधून काढलं. त्याचं १० टक्के वजन क्युम्युलेटिव्ह लेआउट शिफ्टला (पानावरचा मजकूर किती सरकतो त्याचं माप) दिलं गेलं, ते १५ वरून २५ टक्क्यांवर गेलं. रिपोर्टमधून आकडा गेला तरी जेसन आउटपुटमध्ये (स्क्रिप्टना वाचता येणाऱ्या स्वरूपात) तो ठेवला गेला, म्हणजे त्यावर स्क्रिप्ट लिहून बसलेल्यांचं काम एका रात्रीत मोडलं नाही.

थेट काढायची की आधी म्यूट करायची?

आधी अलर्ट बंद, मोजमाप चालू. या अवस्थेला मुदत हवी, आणि मुदत संपल्यावर निर्णय घेणारी व्यक्तीही हवी. दोन्ही लिहून ठेवा. मुदत नसलेली म्यूट टेस्ट ही कुणाच्याच मालकीची नसते. ती मशीनचा वेळ खाते आणि नव्या माणसाला वाटतं की या भागावर लक्ष ठेवलं जातंय.

टेस्ट इतर रननाही बिघडवत असेल, म्हणजे डिस्क भरते, प्रोसेस मागे ठेवून जाते, पुढच्या टेस्टचा कॅशे गरम करते, तर मात्र म्यूटच्या भानगडीत पडू नका. आजच काढा.

काढायची म्हणजे नेमकं काय काय काढायचं?

टेस्टची फाइल आणि शेड्यूलमधली नोंद ही उघड ठिकाणं. त्रास पुढच्यांनी होतो.

अलर्टचे नियम. मालिका नाहीशी झाली की तिच्यावरच्या नियमाचं काय होतं हे टूलनुसार बदलतं. प्रोमिथिअस या मॉनिटरिंग टूलमध्ये नसलेल्या मालिकेवरची तुलना रिकामा निकाल देते, म्हणून अलर्ट वाजतच नाही. नियम तिथेच राहतो, कायमचा शांत. वाचणाऱ्याला वाटतं पहारा आहे. ग्राफाना या डॅशबोर्डच्या टूलमध्ये उलट होऊ शकतं: डेटा नाही ही स्वतंत्र अवस्था धरली जाते आणि टेस्ट काढल्याच्या रात्रीच कुणाला तरी उठवलं जातं. दोन्हींचा उपाय एकच, टेस्ट आणि नियम एकाच कमिटमध्ये काढा.

एकत्रित स्कोअर. इथे लोक हमखास अडकतात. चार उपटेस्टचे गुण १००, १००, १०० आणि ४०० असतील तर गुणोत्तर मध्य (जिओमेट्रिक मीन, म्हणजे चारींच्या गुणाकाराचं चौथं मूळ) साधारण १४१ येतो. चौथी काढली की तो १०० होतो. प्रॉडक्टमध्ये काहीही न बदलता स्कोअर २९ टक्क्यांनी घसरला. आधी सांगितलं नसेल तर दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे रांग लागेल.

रिलीजची अट. "या टेस्टचा निकाल असल्याशिवाय पुढे जाऊ नये" असं पाइपलाइनमध्ये कुठेतरी लिहिलेलं असतं. निकाल येणारच नाही, म्हणजे रिलीज अडकेल किंवा, अट ढिसाळ लिहिलेली असेल तर, सरळ पुढे जाईल. दोन्ही वाईट.

आणि मग कुणाच्या तरी लॅपटॉपवरची ती स्क्रिप्ट, जी दर सोमवारी त्या मालिकेचा आकडा उचलून स्प्रेडशीटमध्ये टाकते. ती शोधून सापडत नाही. म्यूटच्या मुदतीत टेस्टचं नाव घेऊन जाहीर सूचना द्या, तिचा मालक आपोआप पुढे येतो.

जुना डेटा पुसायचा का?

नाही. मालिका "बंद" म्हणून खूण करा, बंद केल्याची तारीख आणि कारण आलेखावरच लिहा, डेटा राहू द्या. दोन वर्षांनी कुणीतरी जुन्या रिलीजबद्दल विचारतंच. मात्र शोधात आणि नव्या डॅशबोर्डच्या यादीत ती मालिका येऊ देऊ नका.

स्कोअर बदलल्यावर जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना कशी करायची?

करायची नाही. स्कोअरला आवृत्ती द्या आणि आलेखात त्या दिवशी खंड दाखवा, रेघ जोडू नका. जुन्या उपटेस्टचे कच्चे आकडे जपून ठेवले असतील तर नव्या सूत्राने जुना स्कोअर पुन्हा काढता येतो, आणि तोच योग्य मार्ग. नुसता एकत्रित स्कोअर साठवला असेल तर हा रस्ता बंद. "बदलानंतरच्या आकड्यांना अमुक गुणक लावा" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो गुणक प्रत्येक प्रॉडक्टसाठी वेगळा असतो.

"या टेस्टने एकदा मोठा बग पकडला होता" असं सांगून कुणी विरोध केला तर?

हा विरोध गंभीरपणे घ्या, कारण तो बहुतेक वेळा खरा असतो. बरीच वर्षं चाललेल्या कुठल्याही टेस्टने कधीतरी काहीतरी पकडलेलं असतंच. दोन गोष्टी तपासा. तो बग पकडताना इतर कुठल्या टेस्ट हलल्या होत्या? हलल्या असतील तर ही टेस्ट गेल्याने भोक पडत नाही. आणि तेव्हापासून तिने दिलेल्या अलर्टपैकी किती खरे निघाले? अलर्टची नोंद उघडा, प्रत्येकाच्या शेवटी काय लिहिलंय ते वाचा. "नॉइज", "पुन्हा रन केल्यावर गेलं", "दुर्लक्ष" अशा शेऱ्यांची रांग दिसली की वाद फार चालत नाही.

आणखी खात्री हवी असेल तर तो जुना बग मुद्दाम परत आणा. वेगळ्या ब्रांचवर तो बदल लावा आणि टेस्टचा संच चालवा. वादग्रस्त टेस्ट सोडून बाकीच्यांना तो दिसतो का, हे तासा-दोन तासांत कळतं. दिसला नाही, तर विरोध करणारा बरोबर आहे आणि तुम्हाला आधी पर्यायी टेस्ट लिहावी लागेल.

पर्यायी टेस्ट लिहायचीच का?

दर वेळी नाही. जुनी टेस्ट कोणता प्रश्न विचारत होती ते एका वाक्यात लिहा. लिहिता आलं नाही, तर पर्याय नको. लिहिता आलं, तर तो प्रश्न वेळ न मोजता विचारता येतो का ते बघा. वेळेऐवजी मोजता येण्यासारखं बरंच असतं: डेटाबेसला किती क्वेरी गेल्या, किती बाइट डाउनलोड झाले, किती मेमरी अ‍ॅलोकेशन झाली, प्रोसेसरने किती सूचना पार पाडल्या. हे आकडे वेळेइतके थेट नाहीत, पण कितीतरी पटींनी स्थिर असतात. एक पान उघडताना १२ ऐवजी ११२ क्वेरी जात असतील तर ते पहिल्याच रनमध्ये कळतं, मशीन कितीही दमलेलं असो.

नवी टेस्ट लावली तरी काही काळ अलर्टशिवाय चालवा आणि जुनीला लावलेली तीच एका बिल्डची त्याच बिल्डशी तुलना तिलाही लावा. नव्या टेस्टला सवलत देण्याचं कारण नाही.

कमिट मेसेजमध्ये काय लिहायचं?

"फ्लेकी टेस्ट काढली" हे पुरेसं नाही. टेस्ट काय मोजत होती, खोट्या अलर्टचं प्रमाण, गोंगाटाचं सापडलेलं कारण (सापडलं नसेल तर तसं), आता त्या भागावर कोण लक्ष ठेवतंय, आणि कुणीच ठेवत नसेल तर ते स्पष्ट शब्दांत. शेवटचा मुद्दा लिहायला लाज वाटते म्हणून तो गाळला जातो, आणि नेमका तोच पुढच्या माणसाला हवा असतो.

नंतर परत आणता येईल का?

गिटमधून फाइल परत येते, त्यात काही विशेष नाही. पण मधल्या काळाचा आलेख रिकामा राहतो, आणि मशीन, ब्राउझर, कंपायलर बदललेले असतात. म्हणून परत आणलेली टेस्ट नवीनच समजा: नवं नाव, नवी बेसलाइन (तुलनेचा आधार), जुन्या रेषेला जोडणी नाही. जुन्या नावानेच आणली तर एखादा विसरलेला अलर्ट नियम जागा होतो आणि चार वर्षांपूर्वीच्या मर्यादेने आजचे आकडे मोजू लागतो.

टेस्ट काढून महिना झाला, कुणीच काही बोललं नाही. म्हणजे निर्णय बरोबर होता?

त्यावरून काहीच ठरत नाही. ती टेस्ट चालू होती तेव्हाही कुणी तिच्याकडे पाहत नव्हतं. निर्णय तपासायचा असेल तर पुढची खरी घसरण जेव्हा वापरणाऱ्यांकडून कळेल, तेव्हा तिचा कमिट शोधा, काढलेली टेस्ट त्या कमिटच्या आधीच्या आणि नंतरच्या बिल्डवर हाताने चालवा आणि तिला ती घसरण स्पष्ट दिसली असती का ते पाहा.